नेटल थांबते

नेटल सात महिन्यांची. अंगाचा रंग भिजल्या तागाचा,
एक कान उभा, दुसऱ्याचं अजून ठरायचंय.
टीस नदीच्या खोऱ्यात मार्चला वसंत म्हणतात
ते फक्त कॅलेंडर छापणारे.
दगडी कुंपणांच्या सावलीत बर्फ अजून पडून आहे,
घडी घालायची राहिलेल्या पांघरुणासारखा.

म्हातारा थ्रेलकेल्ड खिडकीशी, मोडका खुबा उशीवर.
तिथून तो शिकवतो. कुत्रीला नाही, मला.
"आधी काय करू नये ते, मेरियल.
काय करावं ते तिच्या रक्तात हाय."

म्हणून पहिले तीन महिने नुसते नकार.
कोंबड्यांच्या मधून चाल, जणू कोंबड्या नाहीतच.
गाभण मेंढ्यांत बस. थरथर हवी तेवढी,
पण बस.
एकदा शिंगाळ्या एडक्यानं तिला उचलून
कुंपणापलीकडे भिरकावलं.
तो धडा मला द्यावा लागला नाही.

मग बिशप. आमचा फेरेट,
मुंगसाचा गोरा, वासट चुलतभाऊ.
दोघांना एकाच ताटलीत दूध ठेवलं.
तिनं नाक पुढं केलं, त्यानं ते चावलं,
आणि तेव्हापासून दोघांचं
सासू-सुनेसारखं ठीक चाललंय.

फेब्रुवारीत कोठार उघडलं.
मी पेंढ्या एकेक बाजूला सारत गेले.
पहिला उंदीर तिच्या पायांखालून निसटला,
ती माझ्याकडे बघत राहिली : हा आपला का?
दुसरा तिनं उचलला. एक झटका.
मग बराच वेळ पंजानं ढोसत होती त्याला,
तो आता पळत का नाही म्हणून.
मलाही सांगता येईना.
मी नुसतं "शाब्बास" म्हणाले, आणि ते
कोठारात जरा मोठ्यानं वाजलं.

काल उतारावर नेलं तिला.
सशांनी तिथलं गवत न्हाव्यानं फिरवल्यासारखं केलंय,
मेंढ्यांसाठी पेरलेले सलगम निम्मे फस्त.
तीन बिळं तिनं हुंगून सोडली.
चौथ्यापाशी थांबली.
शेपूट ताठ, पुढचा एक पाय अधांतरी,
तोंडातून चकार शब्द नाही.
मी तोंडावर जाळी अंथरली, बिशपला आत सोडलं.
पाच मिनिटं. वीस.
बिशप एकटाच परत आला, मिशांना माती,
सरकारी कचेरीतून काम न होता आल्यासारखा.

"चुकलीस गं," म्हटलं, आणि दोरी ओढली.
तिनं चारी पाय रोवले.
शेवटी काखोटीला मारून आणली.
सबंध वाट ती माझ्या कोपराखालून मागं बघत होती.

थ्रेलकेल्डनं चहा ढवळायचा थांबवला.
"पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप हाय ना तिथं, वरच्या अंगाला?
त्याच्या बुडाशी बघितलंस?"
"नाही."
"जाळी?"
"एकच होती."
तो पुन्हा चहा ढवळू लागला. साखर तो घेत नाही.
"तिनं सांगितलं व्हतं," म्हणाला.

आज पहाटे गेले. दहिवर पडलेलं,
बुटांखाली काचेसारखं मोडत होतं.
झुडपाच्या बुडाशी दुसरं तोंड,
ताजी उकरलेली माती, काळ्या लेंड्या,
काट्याला पांढऱ्या लोकरीचा एक बोळा.
चाळीस वेळा मी या झुडपावरून गेले असेन.

नेटलनं तिकडं पाहिलंही नाही.
तीन बिळं ओलांडून ती चौथ्याशी गेली,
तोच पाय तसाच उचलला.

जाळ्या दोन अंथरल्या.
बिशपला पिशवीतच राहू दिलं थोडा वेळ,
आत तो कुरकुरत होता.
हातमोजा काढून जमिनीवर तळवा टेकला,
तिला काय कळतं ते कळेल म्हणून.
नुसती गार माती.
खाली, घराच्या खिडकीत दिवा लागला.
ती थांबली होती.
मीही.